सहकाऱ्यांचे स्वातंत्र्य राखून नेतृत्व कसे करावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या डिझाइन विभागाच्या तुम्ही अलीकडेच प्रमुख झाल्या आहात आणि बारा जणांचे काम आता तुमच्याकडे आहे. आधीचे एक प्रमुख स्वतःची सही झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर, म्हणजे उत्पादनाच्या जागी, जाऊ देत नसत. त्यांच्यानंतरचे प्रमुख ‘तुम्ही सगळे जाणते आहात’ असे म्हणून कशातच लक्ष घालत नसत. पहिल्यांच्या काळात माणसांनी विचार करणे सोडले, दुसऱ्यांच्या काळात काम विस्कटले आणि आपसातल्या कुरबुरी वाढल्या. माणसांचे स्वातंत्र्य राखून, किंबहुना वाढवून, त्यांचे नेतृत्व करता येते का, स्वतःच्याच पद्धतीने काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचे काय करावे, आणि सर्वांचा विरोध असलेला निर्णय घ्यायची वेळ आली तर कसे वागावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी याच वसाहतीत उत्पादन विभाग सांभाळत निवृत्त झालो आणि आता लहान कारखान्यांतील नव्या विभागप्रमुखांना मार्गदर्शन करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की, तुमच्या दोन्ही पूर्वसुरींच्या पद्धतींचे अर्धे अर्धे मिश्रण करण्याच्या फंदात तुम्ही पडू नये. वरवर पाहता ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला होते, पण कोणता निर्णय कोणाचा हे दोघांपैकी एकानेही सहकाऱ्यांना सांगितलेले नव्हते. पहिल्यांनी सगळे निर्णय स्वतःकडे ओढले आणि दुसऱ्यांनी ते वाऱ्यावर सोडले. परिणामी हा निर्णय माझा आहे, मी तो विचाराने घेईन आणि त्याचा जाब मी देईन, असे छातीठोकपणे म्हणण्याची जागा दोन्ही वेळा कोणालाच मिळाली नाही. स्वातंत्र्य म्हणजे माझ्या लेखी ही जागा. ती आखून देणे आणि आखल्यावर तिचे रक्षण करणे हे प्रमुखाचे काम आहे, आणि त्यातले रक्षणाचे काम आखणीपेक्षा कितीतरी अधिक कष्टाचे आहे.

या विषयावरचा एक जुना प्रयोग आजही उपयोगी पडतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी अमेरिकेतील आयोवा येथे साधारण दहा वर्षांच्या मुलांची मंडळे करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी हस्तकामे दिली आणि १९३९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मंडळांत मोठा माणूस हुकूम सोडत असे, काहींत तो मुलांबरोबर चर्चा करून काम ठरवत असे आणि काहींत तो नुसता बसून राहत असे. हुकमी मंडळांत काम भरपूर होत असे, पण नेता खोलीबाहेर गेला की ते झपाट्याने घसरत असे. चर्चेने चालणाऱ्या मंडळांत नेत्याच्या जाण्याने फारसा फरक पडत नसे. आणि जिथे नेता नुसताच बसून असे तिथे काम सर्वांत कमी आणि सुमार होत असे. मुलांच्या मंडळांवरून कारखान्याचे नियम काढू नयेत हे मला मान्य आहे, तथापि तुमच्या विभागाची सध्याची अवस्था पाहायची असेल तर तुम्ही दोन दिवस रजेवर गेल्यावर तिथे काय होते याची चौकशी करा.

आता आखणीविषयी. काही बाबींत कोणालाही मोकळीक नसते आणि ती असल्याचा आव आणणे हा सहकाऱ्यांचा अपमान आहे. ग्राहकाने दिलेला टॉलरन्स (मापात चालणारा फरक), प्रेशरच्या भागांसाठी ठरलेले मटेरियल, मशीनवरचे संरक्षक गार्ड, ड्रॉइंगच्या बदलाची नोंद ही अशी उदाहरणे होत. अशा बाबी मोजक्या असाव्यात आणि प्रत्येकीमागचे कारण लिहिलेले असावे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेविषयी जे दीर्घकाळ संशोधन केले त्यातून हेच पुढे आले, की नावडते काम करवून घेताना त्याचे कारण सांगितले, ते काम समोरच्याला नकोसे वाटत असणार हे मान्य केले आणि दडपणाची भाषा टाळली, तर माणूस ते काम बऱ्याच अंशी आपलेसे करतो. बंधन तेच राहते, पण ते पाळणाऱ्याची मान ताठ राहते. उलट कारण न सांगता लादलेला योग्य नियमसुद्धा लोक सुपरवायझरची पाठ वळताच मोडतात, हे मी शिफ्टमागून शिफ्ट पाहिले आहे.

दुसऱ्या बाजूला असे निर्णय असतात जे संपूर्णपणे त्या माणसाचे असावेत: कामाचा क्रम, पद्धत, सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल कोणत्या मार्गाने उभे करायचे, शंका आल्यास शॉपमधल्या कोणाकडे जायचे. इथे तुम्हाला अधिक चांगला मार्ग दिसत असला, तरी विचारल्याशिवाय सांगू नका. अनुभवी माणसाला हे फार जड जाते, कारण त्याला उत्तर लगेच दिसत असते. या दोन्हींच्या मध्ये सामायिक निर्णयांचा एक मोठा पट्टा उरतो आणि बहुतेक भांडणे तिथेच जन्मतात. तिथे चर्चा सुरू होण्याआधीच सांगावे की, मी तुमची मते मागते आहे आणि शेवटचा शब्द माझा राहील. किंवा हा निर्णय तुम्ही सर्वांनी मिळून घ्यायचा आहे आणि तो मी पाळेन. मत मागून घेऊन नंतर ‘निर्णय माझा होता’ असे सांगणारा प्रमुख माणसांचा विश्वास एका बैठकीत घालवतो.

बंधन आणि स्वातंत्र्य एकमेकांचे शत्रूच असतात असे मानणाऱ्यांना मी आपल्या शहराचाच इतिहास दाखवतो. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. मुलाला शाळेत न पाठवण्याचे पालकाचे स्वातंत्र्य त्यांनी सरळ काढून घेतले. मात्र तेवढ्यावर न थांबता १९१० पासून विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मदतीने त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले आणि फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांपर्यंत पोहोचवल्या. अक्षरे शिकण्याची सक्ती होती. पुढे काय वाचावे, त्यातून कोणते मत बनवावे, हे वाचणाऱ्यावर सोपवलेले होते. तुमच्या विभागात एखादी सक्ती आणण्याचा विचार मनात आला, की ती पूर्ण झाल्यावर माणसाला कोणते नवे दार उघडणार आहे, हे स्वतःला विचारून पाहा. त्याचे उत्तर देता येत नसेल आणि सुरक्षिततेचाही प्रश्न नसेल, तर ती सक्ती बहुधा प्रमुखाच्या सोयीसाठी असते.

पण याच संस्थानातील दुसरी हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि प्रत्येक नव्या विभागप्रमुखाला मी ती सांगतो. सयाजीरावांनी १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर संस्थानची सेवा करण्याचा करार होता आणि त्याप्रमाणे ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरूनच टाकत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. शहरात त्यांना कोणी खोली देईना. ते नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि तिथेही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि उत्तर येण्याआधीच त्यांच्यावर ही वेळ आली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या दिवशी राहायला जागा नसलेला हा उच्चविद्याविभूषित अधिकारी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून होता. आज तिथे त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून संकल्पभूमी आहे.

सर्वोच्च पदावरील माणूस उदार होता, शिष्यवृत्ती त्यानेच दिली होती, नेमणूकही त्याच्याच राज्यात झाली होती. तरीही शिपाई, कारकून, अधिकारी आणि घरमालक यांनी मिळून ते सारे निष्फळ केले. जातीच्या अत्याचाराची तुलना मी कारखान्यातल्या कुरबुरींशी करत नाही, तशी तुलना अनुचित ठरेल. नेतृत्वापुरते मला त्यात एवढेच दिसते की, माणसाच्या स्वातंत्र्यावर वरिष्ठांइतकाच, आणि पुष्कळदा त्यांच्याहून अधिक, घाला बरोबरीचे आणि हाताखालचे लोक घालतात. प्रमुखाने ‘माझ्याकडून सर्वांना पूर्ण मोकळीक आहे’ असे म्हणणे पुरेसे नसते, कारण त्या मोकळिकीचा गळा जिथे आवळला जातो ती जागा त्याच्या केबिनपासून दूर, दोन टेबलांच्या मध्ये, डब्याच्या वेळी किंवा एखाद्या अडकून पडलेल्या अर्जात असते. म्हणून अर्ज कोणाकडे किती दिवस पडून आहे हे प्रमुखाने स्वतः पाहावे, आणि कोणाला सतत टाळले जाते, कोणाच्या बोलण्यावर हसले जाते, याकडे त्याचे कामाइतकेच लक्ष असावे.

बडोद्यात याला आणखी एक पैलू आहे, जो आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या परिसरात वाढलेला मराठी प्रमुख आणि त्याचे दोन-तीन मराठी सहकारी नकळत मराठीत बोलू लागतात, त्यातून चहा एकत्र होतो, बातम्या आधी कळतात, आणि गुजराती किंवा उत्तर भारतीय सहकाऱ्याला आपण बाहेरचे आहोत असे वाटू लागते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु ज्याला माहिती उशिरा मिळते त्याचे स्वातंत्र्य तेवढे कमी झालेले असते, कारण माहितीवाचून निर्णय घेता येत नाही. कामाची गोष्ट सर्वांना समजणाऱ्या भाषेत आणि सर्वांना एकाच वेळी सांगावी. मते मात्र ज्याला ज्या भाषेत नीट मांडता येतात त्या भाषेत मांडू द्यावीत. आपल्या शहरात गुजराती, मराठी आणि हिंदी बहुतेकांना कळते, त्याचा हा लाभ घ्यावा.

तुमच्या तरुण सहकाऱ्याकडे येतो. तो उशिरापर्यंत थांबतो, सकाळी उशिरा येतो, ठरलेल्या नमुन्याने मॉडेल करत नाही, पण त्याचे काम उत्तम असते आणि इतरांना त्याचा राग येतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्या वागण्याचे दोन भाग करा. त्याने नमुना सोडल्यामुळे दुसऱ्याला त्याची फाइल उघडून पुढे काम करता येत नसेल, तर तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर पाय देत आहे आणि तिथे त्याला ठरलेल्या पद्धतीत आणणे तुमचे कर्तव्य आहे. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळेमुळे मात्र कोणाचे काम अडत नसेल आणि कारखान्याच्या नियमांत ते बसत असेल, तर इतरांची नाराजी हे त्याला बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. अशा वेळी ‘मग आम्हालाही हवे’ अशी मागणी येते. ती रास्त असते आणि शक्य असेल तर मान्य करावी. एकाला गुपचूप दिलेली मोकळीक ही मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानीवर जगणारा माणूस प्रमुखासमोर खरे बोलत नाही.

वेगळ्या पद्धतीच्या माणसांना एकत्र वाढवता येते याचे चांगले उदाहरण याच शहरात आहे. इंदूरला जन्मलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विभागात शिकवायला आले. त्यांच्याकडे शिकलेल्या चित्रकारांत शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम रसूल संतोष आणि गुलाममोहम्मद शेख अशी नावे आहेत. संतोष यांची तांत्रिक साधनेच्या परंपरेतून आलेली चित्रे, भट्ट यांची मुद्राचित्रे आणि लोककलेची छायाचित्रे, शेख यांची कथनाने भरलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर ही एकाच गुरूची शिष्यमंडळी आहे हे सांगावे लागते. बेंद्रे स्वतः रंग आणि रचनेवर असामान्य हुकमत असलेले चित्रकार होते, म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्यासारखे करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नक्कीच होते. एखादा प्रमुख आपल्या विभागाला कितपत मोकळे ठेवतो, हे जोखताना मी हाच निकष लावतो: त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसे एकमेकांपासून किती वेगळी आहेत?

आता अशी अडचण, जिचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण जी तुम्हाला सर्वांत जास्त छळणार आहे. तुमच्या बारापैकी निम्म्यांना तरी स्वातंत्र्य नको असेल. ‘बेन, तमे कहो तेम करीए’ (ताई, तुम्ही सांगाल तसे करू) असे ते आदराने म्हणतील, आणि तो आदर खराही असेल, परंतु त्यामागे पुष्कळदा जुनी भीती असते. निर्णय घेतला आणि चुकला तर बोलणी आपल्याला बसतात, आणि विचारून केले तर साहेबांना, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. अशा माणसाला ‘स्वतः ठरवा’ असे सांगून सोडणे म्हणजे त्याला एकटे पाडणे होय.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सेटर, म्हणजे मशीनवर टूल बसवून काम लावून देणारे कारागीर, होते. टूल कधी बदलायचे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत असे, तरी ते प्रत्येक वेळी विचारायला येत. मी त्यांना सांगितले की हा निर्णय यापुढे तुमचा, आणि तो घेण्याचे कारण जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदपत्रावर, एका ओळीत लिहा. सुरुवातीला ते लिहून माझी सही मागत, मी सही करत नसे, फक्त वाचत असे. एकदा टूल लवकर बदलल्याबद्दल वरून विचारणा झाली, तेव्हा त्यांनी लिहिलेली ओळ पुढे ठेवून मी सांगितले की हा निर्णय त्यांच्या अधिकारातला होता आणि तो मला मान्य आहे. त्या दिवसानंतर त्यांचे विचारायला येणे थांबले, आणि काही काळाने नवी मुले त्यांच्याकडे विचारायला जाऊ लागली. तेव्हा त्यांनीही मुलांना आधी कारण विचारायला सुरुवात केली.

या पद्धतीत तीन गोष्टी एकत्र येतात आणि त्यातली एकही गाळून चालत नाही. निर्णय लहान आणि फिरवता येण्याजोगा असावा, कारण लिहिलेले असावे, आणि निर्णयावर आक्षेप आला तर प्रमुखाने सर्वांसमोर त्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. चूक झाली असेल तर ती खाजगीत, पुढच्या वेळेसाठी बोलावी. ‘काय करू?’ असे कोणी विचारले तर तुमचे मत लगेच देऊ नका; त्याने काय केले असते आणि का, हे आधी ऐका. तसेच बैठकीत सर्वांत नव्या माणसाला प्रथम बोलू द्या आणि तुम्ही शेवटी बोला. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांनी आधी बोलण्याची रीत आहे, ती घरी शोभते; विभागात प्रमुख आधी बोलला की उरलेली सगळी मते त्याच्या मताकडे झुकतात.

सर्वांचा विरोध असलेला निर्णय घ्यावा का? कधी कधी घ्यावाच लागतो. तेव्हा विरोध नोंदवून घ्या, तो इतका नेमका लिहा की विरोध करणारा म्हणेल, होय, माझे म्हणणे हेच आहे. मग तुमचे कारण सांगा, आणि निर्णय चुकला हे कोणत्या खुणेवरून मान्य कराल व त्याचा फेरविचार कधी कराल, हेही त्याच वेळी जाहीर करा. त्यानंतर निर्णय सर्वांनी पाळायचा, मात्र त्याविरुद्ध बोलत राहण्याची मुभा कायम राहते. टोयोटाच्या कारखान्यांत साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागण्याचा आणि गरज पडल्यास लाइन थांबवण्याचा अधिकार असतो. डिझाइन विभागातही धोक्याचे ड्रॉइंग अडवण्याचा असा अधिकार सर्वांत कनिष्ठ माणसाला द्यावा, अगदी ते तुमचे ड्रॉइंग असले तरीही.

आणि एखाद्याचे तुमच्याशी कायमचेच जमले नाही, तर त्याला सन्मानाने जाऊ द्या. टिळक आणि आगरकर यांच्याएवढे जवळचे सहकारीसुद्धा सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दुरावले, आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केले. महाराष्ट्राला त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्याचा सर्वांत निर्भीड आवाज मिळाला. जाणाऱ्याविषयी तुम्ही मागे काय बोलता, हे राहिलेले अकरा जण लक्षपूर्वक ऐकत असतात.

दिलेली मोकळीक परत घ्यावी लागली, तर ती फक्त त्या विशिष्ट निर्णयापुरती, ठरावीक मुदतीसाठी आणि परत मिळवण्याची अट सांगून घ्यावी. रागाच्या भरात सगळीच काढून घेतली, तर तुम्ही तुमच्या पहिल्या पूर्वसुरींच्या खुर्चीत जाऊन बसाल.

येत्या आठवड्यात तुम्ही सर्वांना एकत्र बसवून एका कागदावर विभागातले नेहमीचे निर्णय लिहून काढा आणि प्रत्येकासमोर नाव घाला. जिथे तुमचे नाव येईल तिथे, ते तिथे का हवे, हे सहकाऱ्यांना विचारू द्या. ज्याचे पटेल असे कारण देता येणार नाही ते नाव खोडून दुसऱ्याचे लिहा. तो कागद भिंतीवर लावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढा. त्या वेळी तुमच्या नावासमोरचे निर्णय आजच्यापेक्षा कमी असायला हवेत, आणि ज्यांच्याकडे ते गेले असतील त्यांना ते पेलण्यासाठी काय शिकवावे लागले, हे तुम्हाला सांगता यायला हवे.